हरसिंगमामाचा नाका

पांढरकवड्याच्या नागपूर नाक्यावर थांबलेल्या ट्रकवाल्याला हरसिंगमामा कधी "कुठं चालले?" असं विचारत नसे. तो विचारी, "कायले चालले?"

ट्रकवाला पंजाबचा असो की तेलंगणातला, या प्रश्नापुढे तो गडबडे. माल भरलाय, हैद्राबादला पोचवायचाय, म्हणून चाललो. याहून जास्त बिचारा काय सांगणार? मामा कीव आल्यासारखी मान हलवी आणि म्हणे, "चहा तं पेऊन घे बाप्पा. पुढं असा चहा नाही भेटत."

पुढे कसा चहा भेटतो हे मामाला कळायला मार्ग नव्हता. नाक्यावरचा कारकून जकातीची पावती फाडी आणि दोरी ओढून आडवा बांबू वर करायचं काम मामाकडे होतं. दिवसभर तो जगाला वाट करून देई. स्वतः मात्र केळापूरच्या देवीपलीकडे गेलेला नव्हता.

मी तिथल्या शाळेत मास्तर म्हणून लागलो आणि नाक्यासमोरच खोली घेतली. वळकटी सोडायच्या आत मामा दारात हजर. "बरं केलं आले. आता जाऊ नका," असं स्वागत करून त्यानं मला गावाची थोरवी सांगायला घेतली. नागपूरचं ऊन भाजते, आपलं ऊन शेकते. सागाचं जंगल दाराशी. तालुका म्हणायला केळापूरचा, पण कचेरी पांढरकवड्याला. म्हणजे केळापूरला नुसतं नाव आणि खरं गाव आपलं. मी कंटाळून म्हणालो, "मामा, जगात आणखीही गावं आहेत."

"असतीन. पन मी खाटेवरून उठलो नाही, तरी सरकारनं मले तीन राज्यं दाखवले. मध्यप्रदेशात निजलो, मुंबई राज्यात उठलो, आन् आता महाराष्ट्रात चहा पेऊन राह्यलो. मंग कायले फिराचं?"

मामा बंजारा. त्याचे वाडवडील बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूखभर हिंडत. लोक त्याला चिडवत, की मामा, तुम्हा लोकांच्या तर पायाला भिंगरी! मामा गंभीरपणे सांगे, "सात पिढ्याचं फिरनं बापजाद्यानं फिरून ठेवलं. माह्या वाट्याले बसनंच आलं."

घरात दोघंच. मामा आणि त्याची मुलगी सीता. तिची आई ती लहान असतानाच गेली होती. सीता माझ्या शाळेत शिकली, मॅट्रिक झाली. आमच्या भागातल्या तांड्यांवर तोवर कोणाची मुलगी मॅट्रिक झाली नव्हती. नागपूरला मास्तरणीच्या ट्रेनिंगसाठी तिची निवड झाली. राहायला वसतिगृहही मिळणार होतं. मला तर आकाश ठेंगणं झालं. मामाचा चेहरा मात्र पडला.

"मास्तरीन इथं नाही होता येत?"

"इथं शिकवायला यायचं, म्हणूनच तिथं शिकायला जायचं, मामा."

त्या दिवसापासून गावाची थोरवी दुप्पट आवाजात सुरू झाली. बोलायचा माझ्याशी, तोंड असायचं चुलीकडे. "मास्तर, नागपूरले म्हनते शेजाऱ्याले शेजारी ओळखत नाही!" आतून सीता हसून म्हणे, "बा, मास्तरले ऐकू येते. हळू बोल." शेवटी महिनाभरानं पठ्ठ्या नरमला. "जा म्हनलं तं," एवढंच बोलला आणि नाक्यावर जाऊन बसला.

निघायच्या दिवशी तांड्यावरून झाडून साऱ्या बाया आल्या. फेटियाचे घागरे, कांचळीच्या चोळ्या, आरशांच्या ओढण्या, नाक्यावर जत्राच भरली. आता मुलगी शिकायला निघाली तर तिला निरोप कसा द्यायचा, हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. त्यांना निरोपाची एकच रीत माहीत, ती म्हणजे ढावलो. सासरी जाणाऱ्या मुलीच्या गळ्यात पडून सुरात रडायचं, तिच्या लहानपणापासूनचं सारं आठवून आठवून रडायचं. एस.टी. येऊन थांबली तशा त्या सीतेच्या गळ्यात पडल्या आणि त्यांनी सूर धरला. बसमधल्या एकानं टोपी काढून हळूच विचारलं, "कोन गेलं?" कंडक्टर वैतागून म्हणाला, "अजून कोनी नाही गेलं. या बाया पोरीले सोडतीन तवा जाईन!"

मीही हसलो. मग त्या सुरात सीतेच्या मेलेल्या आईचं नाव आलं आणि माझं हसू जागीच राहिलं. पोरगी डोळे पुसत कशीबशी बसमध्ये चढली. कारकुनानं हात दाखवला. ड्रायव्हरनं भोंगा दिला. बांबू काही वर जाईना.

मामा दोरी धरून उभा होता. मागे ट्रकांची रांग लागली. कारकून ओरडला, "मामा, बांबू!" मामानं दोरी धरलेलीच ठेवली आणि खिडकीकडे पाहून त्यांच्या गोरबोलीत म्हणाला, "छोरी, मत जा."

सीता त्याच्याकडे पाहत राहिली. मग तिची पेटी खाली आली, मागून ती आली. तेव्हा बांबू वर गेला. बस निघून गेली.

मामा जिंकला. दुसऱ्या दिवशी त्यानं नाक्यावर जिलेबी वाटली. सीतेनं रुसवा धरला नाही, अबोला धरला नाही. धरला असता तर बरं झालं असतं. उलट ती बापाला बरं वाटावं म्हणून गावाची थोरवी गाऊ लागली. नागपूरचं ऊन भाजते, आपलं शेकते. शब्दन् शब्द बापाचा. मामा जेवता जेवता ऐके, आणि ताट सारून उठून जाई. पुढे पुढे त्यानं ट्रकवाल्यांना प्रश्न विचारणंही सोडलं. मुकाट्यानं बांबू वर, मुकाट्यानं खाली.

पुढच्या वर्षी मामाच माझ्याकडे आला. "मास्तर, पोट्टीले तुमी सांगा. माह्यं नाही ऐकत." मी गेलो. मामा दारात उभा राहून म्हणाला, "जा वो बाई. मी राह्यतो एकटा. मले का होते?"

सीता भाकरी थापतच म्हणाली, "कायले जाऊ, बा? इथं का कमी हाये?"

माझा मामावर तेव्हाही राग होता, आजही आहे. पण त्या क्षणी त्याच्याकडे पाहवलं नाही.

पुढे शेजारच्या तांड्यावर तिचं लग्न झालं. ढावलो पुन्हा झाला. जावई चांगला, घरी शेती, तक्रारीला जागा नव्हती.

लग्नानंतर काही दिवसांनी मामा नाक्यावरून नाहीसा झाला. कारकून म्हणाला, नागपूरच्या ट्रकमध्ये बसून गेला. मला खरं वाटेना. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतला, धोतर धुळीनं भरलेलं. माझ्या ओट्यावर येऊन बसला. मी पाणी दिलं.

"कुठं गेलता, मामा?"

"ते शाळा पाहून आलो. मास्तरनीची. मोठी हाये. झाडं हायेत. पोरी पुस्तकं घेऊन येऊन राह्यल्या, जाऊन राह्यल्या. फाटकासमोर बसलो दिवसभर."

"कोणी हटकलं नाही?"

"चौकीदारानं इचारलं ना, कोनाले भेटाचं हाये म्हने. म्या सांगतलं, माही पोट्टी शिकते इथं."

मामानं पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"चांगला मानूस होता. म्हने, बोलावू का तिले? म्या म्हनलं, राहू दे बाप्पा. अभ्यास करून राह्यली असन."