अब्बांचे पॉइंट एका केबीत

व्हायरसला घाबरावं ते इंटरनेटवाल्यांनी. माझ्या लॅपटॉपला मी इंटरनेट कधी दाखवलंच नव्हतं. अख्ख्या मालवण बंदरात माझ्याइतका सावध माणूस नाही, असं मी चारचौघांत सांगत असे, आणि चारचौघं ऐकून घेत, कारण चहा मी पाजत असे.

सावध राहायला कारणही तसंच होतं. पाण्याखाली कुठे खडक आहे, कुठे जुनं गलबत बुडालंय, कुठे मासळी थांबते, अशा जागांना आम्ही पॉइंट म्हणतो. त्यांचे जीपीएसचे आकडे कोणी कोणाला देत नाही. विचारलंच तर चेहरा सरळ ठेवून खोटे आकडे द्यायचे, ही आमची रीत. शेजारच्या हरिश्चंद्राला मी स्वतः दोन मोसम खोटे दिलेत. पण शिरोड्याच्या माझ्या सासऱ्यांचे, अब्बांचे, गुडघे दोन वर्षांपूर्वी गेले तेव्हा त्यांनी चाळीस वर्षांची वही माझ्यासाठी उघडली. माझ्या बायकोने, अफशाने, ती लॅपटॉपवर उतरवली, पेन ड्राइव्हमध्ये भरली, आणि अब्बांनी वही चुलीत घातली. सासऱ्याने जावयाला पॉइंट द्यावेत! महिनाभर मी बंदरावर छाती काढून फिरलो. मासळी म्हणावी तशी मिळाली नाही, पण ते नशीब.

यंदा खाऱ्या पाण्याने होडीचं जीपीएस मशीन मेलं. नवीन आणलं, ते कोरं. एक ऑगस्टला मासेमारी उघडणार, त्याआधी पॉइंट पुन्हा भरायचे. त्यात अब्बांचा फोन आला की शुक्रवारी अकराच्या एसटीने येतो, एक नवा पॉइंट आठवलाय, समोर बसून लिहून घे.

शुक्रवारी आठ वाजता मी पेन ड्राइव्ह लावला. ‘पॉइंट’ नावाचं फोल्डर होतं, पण त्याच्या कोपऱ्यात एक इवलासा बाण होता. आकार एक केबी. चाळीस वर्षांचा समुद्र एका केबीत! मी क्लिक केलं. एक काळी खिडकी डोळा मिचकावून गेली आणि आत काहीच नाही. पुन्हा क्लिक केलं. असं सतरा वेळा केलं.

पण मी सावध माणूस, दोन कॉपी काढून ठेवलेल्या. तांदळाच्या डब्यातला पांढरा ड्राइव्ह काढून लावला. क्षणभर खरं फोल्डर दिसलं, जीव भांड्यात पडला, आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यालाही बाण फुटला. मग कपाटातला तिसरा लावला. त्याचंही तेच झालं.

आता मला अब्बांचा जुना किस्सा आठवला. एका खलाशाने एक पॉइंट बाहेर फोडला होता, तर अब्बांनी त्याला भर समुद्रात होडीतून उतरवून किनाऱ्यापर्यंत पोहत यायला लावलं होतं. माझ्याकडून तर सगळेच गेले होते, आणि मला पोहणं फारसं जमत नाही.

हे काम हरिश्चंद्राचंच, असं माझ्या मनाने घेतलं. मंगळवारी तो चार्जर मागायला आला होता. मी तणतणत गेलो आणि नको ते बोललो. तो शांतपणे म्हणाला की त्याच्या पेन ड्राइव्हमधल्या भजनांनाही असेच बाण फुटलेत, लायसनचे फोटो त्यावर आणायला फोटोच्या दुकानात गेला तेव्हापासून. मला आठवलं, मीही माझे फोटो त्याच दुकानातून पॉइंटच्याच ड्राइव्हवर आणले होते. इंटरनेटची गरजच पडली नव्हती. हरिश्चंद्राने मला लॅपटॉपसकट बाजारात कॉम्प्युटर क्लास चालवणाऱ्या किशोरीकडे पिटाळलं.

तिने आधी विचारलं, किती वेळा क्लिक केलं. मी खरा आकडा सांगितला.

"मुख्तारभाई, ह्यो जंत आसा. तुमी तेका सतरा वेळा जेवूक घातलास."

मी म्हटलं, सगळं फॉरमॅट करून टाक. तिने ड्राइव्ह माझ्या हातातून काढूनच घेतला. फॉरमॅट केलं असतं तर पॉइंट खरोखरच गेले असते. हा जंत फायली खात नाही, त्या लपवतो आणि दारात त्यांच्या नावाचा बाण उभा करतो. आजारी होता लॅपटॉप, त्यामुळे जो ड्राइव्ह लावावा तो आजारी पडत होता. आधी लॅपटॉप साफ करायचा, ड्राइव्ह मग.

तिने अँटिव्हायरस चालवला. दहा टक्के झाले तेव्हा एसटी वाटेतल्या परुळ्याला आली असणार. साठ टक्के झाले तेव्हा चौक्याला. मला दर हॉर्न अब्बांचाच वाटत होता.

शेवटी तिने बाण पुसले, काळी खिडकी उघडली आणि एक ओळ टाइप केली. लपवलेलं असेल ते सगळं बाहेर ये, असा त्या ओळीचा अर्थ. आणि ‘पॉइंट’ आलं! उघडलं तर एकूण एक आकडा जागेवर. मी खुर्चीत बसून अल्लाचे आभार मानले. डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू.

"ह्या दुसरा पण तुमचाच मां?" किशोरीने विचारलं.

खाली आणखी एक फोल्डर उगवलं होतं. नाव ‘पॉइंट खरे’. आत वेगळेच आकडे होते, माझ्या यादीशी एकही जुळत नव्हता. किशोरीने तारीख बघून सांगितलं, हे जंताने लपवलेलं नाही. हे दोन वर्षांपूर्वी कोणीतरी हाताने लपवलंय.

घरी अब्बा चहा घेत बसले होते. माझ्या हातातला ड्राइव्ह आणि माझा चेहरा बघून अफशा आत निघून गेली.

"पॉइंट बरे आसत मां?" अब्बांनी विचारलं.

"आसत, अब्बा. दोनी."

अब्बांनी बशीतला चहा संपवला. मिशी पुसली.

"हरिश्चंद्राक तू कसले दिलंस?"

"खोटे."

"मगे?"

मी गुपचूप लॅपटॉप उघडला आणि नवा पॉइंट कुठल्या फोल्डरमध्ये घालू, असं विचारलं.

"ता अफशा बघतली," अब्बा म्हणाले आणि मला बाहेर जाऊन बसायला सांगितलं.