एकतीस फोनांवरचा पाहुणा

"कल्याणी, अगं हे पोरगं कोण? कधी वारलं?"

रविवारी सकाळी साडेसहाला साळुबाई दारात उभी होती आणि तिनं मोबाइल कल्याणीच्या नाकासमोर धरला होता. पडद्यावर एक तरुण होता. निळा शर्ट, नीट पाडलेला भांग आणि हसावं की नको या विचारात अडकलेला चेहरा. कल्याणीनं त्याला जन्मात पाहिलं नव्हतं.

"वारलं कशावरून, मावशी?"

"मंग जिवंत माणसाचा एवढा मोठा फोटू कोण लावतंय? वाढदिवस म्हणावा, तर खाली शुभेच्छुक न्हाईत."

साळुबाई कल्याणीकडेच आली, कारण गावातल्या फोनांची डॉक्टरीण तीच. ओझरच्या अलीकडच्या या गावात बचत गटाला एका संस्थेनं एकाच बनावटीचे एकतीस फोन दिले होते. वर्षा-दोन वर्षांत कंपनीनं अपडेट देणं थांबवून त्यांच्याकडे पाठ फिरवली आणि फोन रखडायला लागले. कल्याणी कॉम्प्युटर शिकलेली, त्यात स्वस्थ बसायचं माहीत नाही. तिनं इंटरनेटवर फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम उतरवून घेतली, अक्षरं मोठी केली, मराठी नीट बसवलं, नको ती ॲप्स उपटून टाकली आणि ती सिस्टीम सगळ्या फोनांत भरली. फोन पुन्हा पळायला लागले.

पण काही सुधारलं की सगळं नव्यानं बांधायचं आणि एकतीस घरं फिरायची, याचा तिला कंटाळा आला. मग तिनं शेल स्क्रिप्ट लिहिली, म्हणजे कॉम्प्युटरला एकामागून एक द्यायच्या हुकमांची यादी. नवा कोड आण, सिस्टीम बांध, तपास, रविवारी पहाटे पाचला सगळ्या फोनांवर धाड. पडद्यासाठी दर वेळी चित्र शोधायलाही ती कंटाळली होती, म्हणून एक ओळ वाढवली: फोल्डरमधला सगळ्यांत नवा फोटो घे. या ओळीनं आजवर गावाला नाणेघाट दाखवला, सोनकीची फुलं दाखवली आणि एकदा तिच्या वडलांचं, नानासाहेबांचं रेशनकार्डही दाखवलं होतं.

कल्याणीनं फोल्डर उघडलं. नवा फोटो आईच्या फोनमधून आला होता. आईचे फोटो हरवू नयेत म्हणून ते आपोआप इथं येण्याची सोयही तिनंच करून ठेवली होती.

"आई, हा कोण?"

रत्नाबाईंच्या हातातलं पीठ परातीतच राहिलं. "तुला कुणी दावला?"

"गावानं."

मग सगळं बाहेर पडलं. मुलाचं नाव राकेश. घोडेगावचा, मंचरला एका कोल्ड स्टोरेजवर मशिनं सांभाळतो. पुढच्या रविवारी कल्याणीला बघायला येणार होता. आधीची दोन स्थळं गावातच कुणीतरी 'पोरगी दिवसभर कॉम्प्युटरपुढं बसती, चहासुदीक गार करून पिती' असं सांगितल्यामुळे परत गेली होती.

"म्हणून या बारीला कुणाला म्हणजे कुणालाच कळू द्यायचं नव्हतं," रत्नाबाई म्हणाल्या.

"मलासुद्धा?"

"तू तर पयली नाय म्हणली असतीस!"

नानासाहेबांनी चष्मा काढून पुसला. "आता हे तिसरंबी गेलं म्हण. फोटू काढून टाक आधी. किती टाइम लागंल?"

"सात तास," कल्याणी म्हणाली. स्क्रिप्टला मधूनच सुरुवात करता येत नव्हती. तिनं सोनकीची फुलं पुन्हा फोल्डरमध्ये टाकली, बटण दाबलं आणि कॉम्प्युटरच्या पंख्याची घरघर ऐकत बसली. तिला त्या अनोळखी मुलाची फार लाज वाटत होती.

तोवर चिमाजीच्या चहाच्या टपरीवर तर्कांना ऊत आला होता. "झेडपीला उभा राहणार," दादाभाऊ म्हणाला. "नवा तलाठी असंल," चिमाजी म्हणाला. भागूचं मत वेगळंच होतं. "चोर हाय राव. धरायला सोपं जावं म्हणून समद्यांना फोटू धाडलाय."

दहाच्या सुमाराला टपरीपुढे एक मोटरसायकल थांबली.

बघायला येण्याआधी मुलाकडच्यांनी गावात गुपचूप चौकशी करायची, ही आपल्याकडची जुनीच रीत. राकेशनं ते काम स्वतःच अंगावर घेतलं होतं. कुणी ओळखू नये म्हणून तो आठवडाभर आधी आला होता आणि बियाण्याच्या कंपनीचा माणूस असल्याचं सांगायचं त्यानं पाठ केलं होतं. शर्ट मात्र तोच निळा होता.

"एक कटिंग द्या. मी बियाणं कंपनीतनं आलोय."

चिमाजीनं त्याच्याकडे पाहिलं, मोबाइलकडे पाहिलं आणि चहा कपाऐवजी बशीत ओतला. भागू सावकाश जाऊन मोटरसायकलच्या मागच्या चाकापाशी उभा राहिला.

"पावणं, तुमी तर जिवंत हाय की वो!" साळुबाईनं आनंदानं हाक मारली.

राकेशपुढे एक फोन आला. मग दुसरा, मग तिसरा. तिन्हींवरून तो स्वतःच स्वतःकडे बघत होता.

"हे... किती जणांकडं हाय?"

"एकतीस. आता खरं सांगा, कोण तुमी?" दादाभाऊनं विचारलं.

राकेशनं खरं ते सांगून टाकलं आणि टपरीचा नूरच पालटला. भागूनं चाक सोडलं. साळुबाईनं बाकावर बैठक मारली. नोकरी पर्मनंट का? शेतीला पाणी कुठलं? आधी कुठं जमलं होतं का? तंबाखू? राकेश नाही म्हणाला, तरी साळुबाईनं तोंड उघडायला लावून दात पाहिले. तासाभरात गावाची सगळी चौकशी पुरी झाली. राकेशला मात्र एकही प्रश्न विचारायला मिळाला नाही.

मग सगळ्यांनी मिळून त्याला नानासाहेबांच्या दारात आणून सोडलं.

"जय भीम," राकेश पडेल आवाजात म्हणाला.

"जय भीम, या," म्हणून नानासाहेब पुन्हा चष्मा पुसायला लागले. कल्याणी पुढे झाली.

"चूक माझी आहे. तुम्ही रागावलात तर बरोबरच आहे."

"रागावायला सवड कुणी दिली? दात बघून झाले आत्ताच," राकेश म्हणाला. मग जरा थांबून त्यानं विचारलं, "पन एकाच टायमाला एकतीस फोनांवर कसा काय गेला तो? मला बघायचंय."

कल्याणी त्याच्याकडे बघतच राहिली. आजवर तिला सगळ्यांनी 'हे कशाला करतेस' असंच विचारलं होतं. कसं करतेस, हे विचारणारा हा पहिलाच.

तिनं स्क्रिप्ट दाखवली. मधेच वीज गेली तर? एक फोन बंद असला तर? कोल्ड स्टोरेजचं तापमान दर तासाला असं आपोआप नोंदवता येईल का? तो विचारत होता, ती सांगत होती, आणि रत्नाबाई दाराआडून दोघांचाही चहा गार होताना बघत होत्या. दुपारी निघताना राकेश म्हणाला, "घरी बोलतो आन् कळवतो." कल्याणीही नुसतं "बरं" म्हणाली.

या सगळ्यात सकाळी दाबलेलं बटण ती विसरून गेली. स्क्रिप्ट विसरली नव्हती. अर्ध्या तासात गावातले एकतीस फोन बंद होऊन चालू झाले आणि राकेशच्या जागी पिवळीधमक सोनकी उमलली.

दहा मिनिटांत अंगण माणसांनी भरलं. साळुबाई पदर डोळ्यांना लावूनच आली.

"मोडलं व्हय गं? एवढं चांगलं पोरगं! दात तर काय दात व्हते!"

"फोटू काढला तवाच वळाकलं मी," भागू म्हणाला. "काय बोलला तो? आपन जाऊन विचारू."

"मावशी, तसं काही..."

"रडू नको पोरी. दुसरं बघू."

"मोडलं नाय हो!" कल्याणी एकदम ओरडली. "मला दुसरं नको! मला पसंत आहे तो!"

रत्नाबाई उंबऱ्यातच खाली बसल्या. गर्दीच्या मागं चिमाजी कानाजवळचा फोन हळूच खाली घेत होता. राकेशला जाब विचारायला त्यानं टपरीवर घेतलेला त्याचा नंबर मघाशीच लावला होता.

"काय म्हणतोय तो?" दादाभाऊनं विचारलं.

चिमाजीनं स्पीकर चालू केला. पलीकडे रस्त्यावरच्या गाड्यांचे आवाज येत होते.

"ऐकलं मी," राकेश म्हणाला. "मलाबी पसंत हाय. आता कुनीतरी त्यांना सांगा."

कल्याणीला कुठं बघावं ते कळेना. साळुबाईनं डोळे पुसले आणि आपला मोबाइल पुढे केला.

"मंग ही फुलं कशाला? जावई लाव परत."

स्क्रिप्टला पुन्हा सात तास लागले असते. कल्याणीनं मोबाइल हातात घेतला, फोटो स्वतःच्या हातानं लावला आणि रांगेत पुढं उभ्या असलेल्या भागूच्या मोबाइलसाठी हात पुढे केला.