ब्रेकास सरकारी दाब दिला त्याची हकीकत

श्रीगणरायाचे चरणीं मस्तक ठेवोन लिहिणें ऐसें जे, शके एकोणीसशें सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरीं, मार्गशीर्षमासीं राज्यांत अरिष्ट गुदरलें. आईसाहेबांची स्वारी दुसरे प्रहरीं घाट उतरोन माहेरीं जावयाची, आणि मोटारीचे ब्रेकांत हवा शिरली. पेडल दाबावें तों फरशीस टेके. मग धारोजी मिस्त्रींस बोलावणें गेलें. धारोजींची रीत ऐसी कीं, आपण चाकाखालीं निजोन हवा सोडावयाचें निपल खोलावें आणि कुटुंब सगुणाबाई यांणीं वर बसोन पेडल दाबावें; बावीस वर्षें ऐसीच हवा काढिली, आणि त्यांत बाईंचा गुडघा खर्ची पडत चालला. वैद्य म्हणाले, आणिक एकवार दाबाल तर अंथरूण धराल. तरी बाई सुजला गुडघा घेवोन आल्याच. "अवं, तुमी म्हना, म्या बसते." पण धारोजींनीं बाईंस भिंतीशीं बसविलें. त्यांणीं नवें टोपण आणविलें होतें; तें ब्रेक ऑईलचे डबीवर बसवावें, नळीनें पंपाचे टाकीस जोडावें आणि वरून दाब द्यावा, म्हणजे हवा निपलांतून आपेआप निघे, पेडलावर पाय नको. दिवाणजी म्हणाले, "टोपण न चाले तर बाई बसतील." धारोजींनीं मान डोलाविली आणि ते पंधरा पौंडांचा दाब भरूं लागले; काल भाजीवाल्याचे टेम्पोसही इतकाच दिला होता.

तों दिवाणजी कोपले. "भाजीवाल्याचे टेम्पोस पंधरा आणि सरकारचे मोटारीसही पंधरा? सरकारचा कांहीं दाब आहे कीं नाहीं? चाळीस करा!" मग हुकुमाप्रमाणें चाळीस जाहले, आणि टोपण उडोन दिवाणजींचे पागोट्यास घासोन गेलें, आणि ऑईलानें अंगरखा भिजला. "बसवा बाईंस!" दिवाणजी गरजले. सगुणाबाई भिंत धरोन उठल्या. धारोजी जन्मांत दिवाणापुढें बोलले नव्हते, ते बोलले, "साहेब, एकडाव परत बघतो. पन ती बसायची न्हाई." मग रबर पुसोन टोपण पुनः आवळिलें आणि पंप मारिला. "किती?" दिवाणजींनीं पुसिलें. धारोजींनीं दाबाचे काट्यावर पंजा ठेविला आणि म्हणाले, "सरकारी." दिवाणजी संतोष पावले. मग दूरचे चाकापासोन एकेक निपल खोलिलें, आधीं बुडबुडे आले, मग निर्मळ ऑईल आलें, आणि पेडल टणक जाहलें.

येणेंप्रमाणें आईसाहेब सुखरूप घाट उतरल्या. दाब नेमिला म्हणोन दिवाणजींस शालजोडी मिळाली. तो पंधराच होता, हें त्यांस आजतागायत ठाऊक नाहीं. सगुणाबाई आपले पायांनीं घरीं गेल्या, राज्याची त्या सालची फत्ते ती हीच.