दगूतात्यांचा अर्ध्या गुडघ्याचा डोंगर

दगूतात्यांचे दोन्ही गुडघे ठणठणीत होते. तरी डोंगर चढायच्या आधी ते उजव्या गुडघ्याला फळकूट लावून वरून धोतराचं फडकं घट्ट आवळायचे आणि ताठ पायाने, काठी टेकत निघायचे. पहिल्या वेळी मी हळहळून विचारलं, "तात्या, लागलं कुठं?"

"लागलं नाय. माप घेतोय."

माप काकूंच्या गुडघ्यांचं होतं. मखमलाबादला तात्यांचा गुलाबाचा मळा आणि त्याला लागून आमचं घर. काकूंनी तीस वर्षं उकिडवं बसून निंदणी केली, त्यात त्यांचे गुडघे गेले. एकदा फुलं तोडता तोडता त्या म्हणाल्या, "समुद्र एकदा डोंगरावरून बघायचाय. सगळा, एका नजरेत." मुंबईला लग्नाला गेल्या तेव्हा चौपाटी पाहिली होती, पण तिथे त्यांना माणसांची डोकीच दिसली म्हणे. काकू बोलून विसरल्या. तात्यांनी मनावर घेतलं, आणि शेजारधर्म म्हणून मीही त्यात ओढला गेलो.

नव्वदच्या दशकातल्या त्या चार वर्षांत आम्ही कोकणच्या किनाऱ्यावरच्या किती टेकड्या पालथ्या घातल्या, विचारू नका! पहाटे फुलांच्या मॅटाडोरमधून निघायचं, त्र्यंबक, जव्हार करत खाली उतरायचं, चढायचं आणि परत. तात्यांना उंची फुटांत सांगितलेली कळत नसे. "हा दीड गुडघा. हा अडीच, रद्द." एकदा उतरताना कॉलेजची पोरं भेटली. त्यांनी विचारलं, "काका, वर व्ह्यू कसा आहे?" तात्या म्हणाले, "व्ह्यू लय भारी हाय, पण चौथी पायरी दीड वीत हाय." पोरं बघतच राहिली.

जायचं ते अमावस्येलाच. त्या दिवशी तात्यांच्या मळ्यात कुदळ चालत नसे, म्हणून ते मोकळे. मी दर अमावस्येला रजा टाकतो म्हटल्यावर आमच्या साहेबांना वाटलं, मी कुठल्या बाबाच्या नादी लागलोय. त्यांनी मला एकदा बाजूला घेऊन समजावलंसुद्धा.

शेवटी डहाणूच्या अलीकडे घबाड मिळालं. बुटकी टेकडी, आडवी सावकाश पायवाट, वर देऊळ आणि पिंपळाची सावली. भर दुपारी वर पोचलो तर खाली काठोकाठ निळं पाणी! तात्यांनी फळकूट सोडून भिरकावून दिलं. "अर्धा गुडघा! मास्तर, अर्धाच!" मी मास्तर नव्हतो, कारकून होतो, पण आनंदात ते कुणालाही मास्तर म्हणायचे.

काकूंना सवड फक्त पौषात. लग्नं नसतात, फुलांना उठाव नसतो. तरी त्या म्हणाल्याच, "आन् फुलं कोण तोडील?" मुलगा तोडील, सून तोडील, असं करत, माझीही रजा वाचेल म्हणून, पौषातला एक रविवार ठरला. तात्या आदल्या दिवशी न्हाव्याकडे जाऊन आले. पहाटे काकू नवं लुगडं नेसून मॅटाडोरमध्ये पुढे बसल्या आणि जव्हारपर्यंत देवाचं नाव घेत होत्या. मीच इतका हरखलो होतो की डबा घरी विसरलो.

काकू चढल्या! दर वीस पावलांवर थांबल्या, पण चढल्या. तात्या पुढे उलटे चालत होते, तोंड काकूंकडे. "हितं खडा हाय. हां. आता सपाट." शेवटच्या वळणावर त्यांनी काकूंच्या डोळ्यांवर हात धरला आणि पिंपळाखाली नेऊन काढला.

समोर चिखल होता. लांबच लांब, करडा, ओला चिखल, त्यात कलंडलेल्या दोन होड्या. पाण्याची रेघ पार तिकडे, आभाळाला टेकलेली.

तात्यांचा चेहरा मला बघवेना. चार वर्षं ज्याने पायरी वितेने मोजली, त्याने समुद्र जागेवर असतो हे मात्र धरूनच चाललं होतं. मीही तसलाच. गोदाकाठची माणसं आम्ही, नदीला पूर यावा आणि तो ओसरावा एवढंच ठाऊक. देवळापाशी मासळीची टोपली टेकून बसलेली बाई हसली. "आज अष्टमी ना. अवसेला दुपारी भरती, अष्टमीला दुपारी सुकती. दिस कलला का येल पानी."

"पुन्यांदा काय हिला आणता यायचं नाय," तात्या माझ्याकडे न बघता म्हणाले. काकूंनी मात्र पिंपळाखाली बैठक मारली. "येतंय म्हणती ना ती? मग थांबू."

आम्ही थांबलो. काकूंनी दशम्या सोडल्या. तात्यांनी त्यांचा पाय मांडीवर घेऊन गुडघा चोळायला घेतला, माझी लाज न बाळगता. माहेर, मेलेली गाय, थोरल्याचं बारसं, असं काय काय दोघं बोलत होती. मळ्यात मी त्यांना कधी असं बसलेलं पाहिलं नव्हतं. मी जरा लांब जाऊन बसलो.

चारच्या सुमाराला पाणी आलं. आधी होड्या हलल्या, मग चिखल गेला, मग सगळीकडे चमचमाट! मी पळतच पिंपळाकडे आलो. "तात्या, आला, समुद्र आला!"

तात्यांनी ओठांवर बोट ठेवलं. काकू त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून गाढ झोपल्या होत्या. ऊन तोंडावर येऊ नये म्हणून तात्यांनी टोपी आडवी धरली होती.

"उठवा की," मी कुजबुजलो.

"उठंल आपसूक," तात्या म्हणाले. "लगीन झाल्यापासून दुपारची झोपलेली नाय ती."