गुणवंतरावांची फेरी

एका जंगलात, बाळांनो, गुणवंतराव नावाचे एक अस्वल राहत होते. ते जंगल कुठे आहे, असं विचारू नका. विचारलंत तर मला नकाशा काढावा लागेल, आणि माझी चित्रकला तुम्ही पाहिलेली आहे.

गुणवंतराव फार शहाणे होते. वारूळ कसं फोडावं, मोहाची फुलं कधी वेचावीत, पोरांना वळण कसं लावावं, सगळ्यावर त्यांचं मत तयार असे. वारुळाचा आणि मोहाचा त्यांना अनुभव होता. पोरांच्या बाबतीत नुसतंच मत होतं.

पोरं दोन. थोरला झिपरू आणि धाकटी ठकी. अस्वलांच्यात अशी रीत आहे, की पोरं आईच्या पाठीवर बसूनच वाढतात. आई वारूळ फोडते, पोरं पाठीवर. आई झाडावर चढते, पोरं पाठीवर. त्यामुळे त्यांची आई रेवतीबाई पोरं झाल्यापासून एकटी अशी कुठे गेलीच नव्हती. सख्खी बहीण नदीपलीकडे राहायची, तिचीही गाठभेट नव्हती.

एका सकाळी गुणवंतराव म्हणाले, "अगं, तू जाऊन ये की ताईकडे. मी आहे ना घरी."

"अहो, दिवसभर?" रेवतीबाईंनी त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं.

"त्यात काय एवढं? दोन पोरं तर आहेत."

"बरं. पण दुपारी झोपवा हं दोघांना. नाही झोपली तर संध्याकाळी जंगल डोक्यावर घेतील. आणि एक सांगते, मध्येच बोलावणं पाठवलंत, तर पुन्हा म्हणून मी कुठे जायची नाही."

"नाही पाठवणार. शब्द दिला."

गुणवंतराव बढाईखोर असतील, पण लबाड नव्हते. बायकोवर त्यांचा जीव होता. एक दिवस तरी तिने मोकळ्या पाठीने हिंडावं, असं त्यांना मनापासून वाटत होतं. रेवतीबाई निघाल्या. प्रत्येक झाडापाशी थांबून मागे बघत बघत अखेर दिसेनाशा झाल्या.

त्या दिसेनाशा होताच ठकीने भोकाड पसरलं.

गुणवंतरावांनी दोघांना मधाचं एकेक पोळं दिलं. ठकीला झिपरूच्या हातातलंच हवं होतं. झिपरूने ते दिलं नाही, डोक्यावर ठेवलं. मध सगळ्या केसांत गेला. मग दोघं पाचोळ्यात लोळली आणि पाचोळा अंगाला चिकटला. गुणवंतरावांनी त्यांना ओढ्यावर नेऊन घासूनपुसून धुतलं. ठकीला धुवेपर्यंत झिपरू धुळीत, झिपरूला धुवेपर्यंत ठकी धुळीत. शेवटी ओढ्याचं पाणी गढूळ झालं, तेव्हा त्यांनी नाद सोडला.

"बाबा, आई अशी नाही धुवत," झिपरू म्हणाला.

"मग कशी धुवते?"

"आधी मध देत नाही."

दुपार झाली. गुणवंतरावांच्या नाकी नऊ आले होते. आता पोरं झोपतील आणि आपणही घटकाभर पडू, एवढ्याच आशेवर ते उभे होते. त्यांनी दोघांना पाठीवर घेतलं, चालायला लागले आणि आपल्या आईची अंगाई गुणगुणू लागले. अंगाई मोठी होती, पण त्यांना एवढंच आठवत होतं:

"मिटा डोळे, मिटा डोळे, उद्या सगळं छान होईल."

आणि काय सांगू बाळांनो, पोरं झोपली! गुणवंतरावांनी अलगद बूड टेकलं.

पोरं उठली.

ते पुन्हा चालू लागले. पोरं झोपली. थांबले, पोरं उठली. नुसता श्वास घ्यायला थांबले तरी ठकी एक डोळा उघडायची. म्हणजे चालत राहणं आलं. गुणवंतराव चालत राहिले.

वाटेत टिटवी भेटली. टिटवी म्हणजे त्या जंगलातलं बातमीपत्रच.

"अगं बाई, काय दशा झालीय भावजी! बोलावून आणू का वहिनींना? नदी ओलांडायला मला असा कितीसा वेळ लागतो?"

गुणवंतरावांच्या अगदी ओठावर 'हो' आलं. पाय भरून आले होते, पाठ मोडली होती. पण बहिणीशी गप्पा मारत बसलेली रेवती त्यांच्या डोळ्यांसमोर आली, आणि तिला अर्ध्या गप्पांतून उठवायचं त्यांच्या जिवावर आलं.

"नको," ते पुटपुटले. "बोलू दे तिला पोटभर. आणि तू हळू बोल. शूऽऽ!"

आता एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. म्हातारे वाघोबा निवृत्त झाले होते आणि दुसऱ्या दिवशी जंगलाचा नवा मुख्य निवडायचा होता. त्या जंगलात असा रिवाज होता, की ज्याला मुख्य व्हायचं असेल त्याने आदल्या दिवशी जंगलभर फेरी काढायची. बाकीच्यांनी मागून चालायचं. फेरीच्या शेवटी जेवण असतं, अशी सर्वांची समजूत होती.

कोल्ह्याने गुणवंतरावांना जाताना पाहिलं. थोड्या वेळाने पुन्हा पाहिलं. तिसऱ्यांदा पाहिल्यावर तो म्हणाला, "अस्वलाची फेरी निघाली रे!"

तो मागे चालू लागला. त्याच्या मागे ससे आले, सांबरं आली, रानडुकरांचं अख्खं कुटुंब आलं. पावलं वाजली की पुढून गुणवंतराव 'शूऽऽ' करायचे.

"घोषणा नाहीत, ढोल नाहीत," सांबर कौतुकाने म्हणालं. "उलट आपल्यालाच गप्प बसायला सांगतोय. पहिल्यापासून पकड आहे."

"आणि पुढची पिढी आत्ताच पाठीवर घेतलीय," कोल्हा म्हणाला. "नंतरची शोधाशोध वाचली."

"धोरण काय आहे पण?" रानडुकराने विचारलं.

सगळ्यांनी कान टवकारले. पुढून आवाज आला, "मिटा डोळे, मिटा डोळे, उद्या सगळं छान होईल."

"आजवर सगळे हेच सांगत आले," म्हातारा ससा म्हणाला. "पण इतक्या प्रेमाने कुणी सांगितलं नव्हतं."

गुणवंतरावांना यातलं काही ठाऊक नव्हतं. मागे एवढे सगळे का चालताहेत, हे विचारायचं तर थांबावं लागलं असतं.

दिवस कलायला आला. उंबराखालच्या मोकळ्या जागेत गुणवंतरावांचे पाय साफ थकले आणि ते मटकन खाली बसले. पोरं टक्क जागी झाली. सगळं जंगल भोवती गोल करून बसलं.

"आता दोन शब्द होऊन जाऊ देत," कोल्हा म्हणाला.

गुणवंतरावांना शब्द कुठले सुचणार! त्यांनी पोरांना मांडीवर घेतलं आणि कळवळून तीच ओळ पुन्हा पुन्हा म्हटली. आधी ससे पेंगले. मग सांबरं आडवी झाली. रानडुकरं एकमेकांच्या अंगावर घोरू लागली. कोल्हा तर तोंड उघडं टाकून झोपला. दिवसभर चालून सगळे दमलेच होते.

"बाबा," ठकी टवटवीत आवाजात म्हणाली, "आता काय खेळायचं?"

गुणवंतरावांना रडूच आलं. बायकोने एकच काम सांगितलं होतं, तेवढंही जमलं नव्हतं.

इतक्यात रेवतीबाई आल्या. चेहरा खुलला होता, गप्पा मारून मारून आवाज बसला होता. त्यांनी चहूकडे पाहिलं.

"अहो, झोपली का?"

"पोरं सोडून सगळे झोपले," गुणवंतराव म्हणाले.

रेवतीबाई पोट धरधरून हसल्या. मग त्यांनी दोघांना पाठीवर घेतलं, आणि चार पावलं जातात न जातात तोच पोरं गाढ झोपली. गुणवंतराव त्या पाठीकडे बघत राहिले. रोज आपण हिला 'दिवसभर करतेस काय' असं विचारायचो, हे आठवून त्यांना फार लाज वाटली.

"बोलावणं नाही पाठवलंत," त्या हळूच म्हणाल्या. "मी वाट बघत होते. नाही आलं, तेव्हा कुठे निवांत बसले."

दुसऱ्या दिवशी जंगलाने गुणवंतरावांना एकमताने मुख्य निवडलं. इतकी शांत झोप कुणाच्याच फेरीत लागली नव्हती, असं प्रत्येकाचं म्हणणं पडलं. जेवणाची आठवणही कुणाला राहिली नाही.

"मुख्याला बसायला मिळतं का?" गुणवंतरावांनी घाबरत विचारलं.

"दुसरं करायचं काय असतं?" कोल्हा म्हणाला.

गुणवंतरावांनी आनंदाने होकार दिला. रेवतीबाईंनीही दिला, पण एका अटीवर. आठवड्यातून एक दिवस पोरं गुणवंतरावांच्या पाठीवर आणि आपण ताईकडे. ते अजून चालू आहे. त्या एका दिवशी गुणवंतराव काम करतात. बाकीचे दिवस ते जंगलाचा कारभार पाहतात.

तात्पर्य : ज्याला घरातली दोन पोरं झोपवता येत नाहीत, त्याने मुळीच खचून जाऊ नये. त्याने अख्खं जंगल झोपवायला घ्यावं. ते पुष्कळ सोपं असतं.