भिंतीपलीकडचं पोट

आमच्या बुद्धनगरात मन दुसरीकडं ठेवून जेवलं, की ते जेवण शेजाऱ्याच्या पोटात जातं. घास आपल्या गळ्याखाली उतरतो, पण चव आणि ढेकर दोन्ही भिंतीपलीकडं. पहिल्यापासून असंच आहे. म्हणून आमच्याकडं लग्नाच्या पंगतीत कोणी गप्पा मारत नाही. मारल्या तर वऱ्हाडी उपाशी उठतात आणि मांडवाशेजारचा पंक्चरवाला पोटावर हात फिरवत बसतो.

माझा मुलगा प्रसेनजित मोबाइल पाहत जेवायचा. त्याचं सगळं जेवण शेजारच्या येसूला मिळायचं. येसू खोब्रागडे एकटी बाई. नवरा गेला, पोरगा पुण्याला जाऊन विसरला. पण मानी अशी, की कोणाच्या झाडाचं लिंबू फुकट घेणार नाही. तिची चूल कधीची थंड होती. मी वांगं केलं की ती भिंतीतून म्हणायची, "मीठ कमी पडलं वं आज."

"ताट माह्या घरचं अन् बोल तुहे?" मी म्हणायची.

"तू देल्लं नाई, मी घेतलं नाई. आलं ते आलं."

प्रसेनजितची पँट कमरेवर थांबत नव्हती. तरी तो मोबाइल काही सोडेना.

मग पावसाळ्याचे तीन महिने भिक्खूंनी एका जागी राहायचा वर्षावास लागला. विहारात भन्तेजी मुक्कामाला आले. विहार कमिटीचे अध्यक्ष गजभिये गुरुजी यांनी ठराव मांडला, की या वर्षावासात बुद्धनगरातल्या प्रत्येकानं घासाघासाकडं ध्यान देऊन जेवावं. सगळ्यांनी हात वर केले. मीही केला. येसूनंही केला. बेध्यानात खाल्लेलं जेवण आजवर कोणाकोणाच्या पोटात जात होतं, हे त्या वेळी कोणाच्या मनात आलं नाही.

प्रसेनजितनं मोबाइल फळीवर ठेवला आणि घास चावून चावून खाऊ लागला. थोड्याच दिवसांत त्याचे गाल भरले. पलीकडं येसूच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. एका सकाळी नळावर हंडा उचलताना ती खाली बसली, ती दोघींनी धरून उठवली.

मी ताट घेऊन गेले. तिनं दार अर्धंच उघडलं.

"काहून आली?"

"भाकर उरली होती."

"मी का मांगून खानारी बाई हाव?" तिनं दार लावलं.

मी गुरुजींकडं गेले. गुरुजी म्हणाले, "येसूबाईंनी स्वतः विषय मांडला का?"

"ते मरन, पन विषय नाई मांडनार."

"मग कमिटीला तो घेता येत नाही. ठराव ध्यानाचा आहे. उपाशी राहण्याचा नाही."

प्रसेनजित म्हणाला, "माय, संध्याकाळचं जेवण मी पुन्हा मोबाइल पाहून जेवतो. तेवढं तिला होईल." बसला बिचारा. पण मोबाइल पाहता पाहता घास पलीकडं गेला का, याकडंच त्याचं सारं ध्यान. सगळं त्याच्याच पोटात राहिलं. मुद्दाम सोडलेलं ध्यान सुटत नाही.

शेवटी मी विहारात गेले. भन्तेजींनी सगळं ऐकून घेतलं.

"तुमचं जेवताना कसं असतं, बाई?"

"माहं घासावरच राहते, भन्तेजी. लहानपणी भूक पाह्यली. ताट समोर आलं की मन कुठं जात नाई."

"बरं," ते म्हणाले.

त्या दिवशी मी जेवायला बसले. भिंतीपलीकडं भांडं वाजलं नाही. पाटा वाजला नाही. खोकलाही नाही. भाकर संपली, वरण संपलं, तेव्हा कळलं की पोट तसंच रिकामं आहे. तेवढ्यात भिंतीतून बारीक आवाज आला.

"वरणाले फोडनी जळली तुही."

मी ताट धुतलं. दुसऱ्या दिवशी तेच झालं, नंतरही तेच. काळजी मुद्दाम करावी लागत नाही. ती बोलावल्याशिवाय येते.

पौर्णिमेला भन्तेजींनी विचारलं, "ध्यान टिकतं का?"

"नाई टिकत. शेजारी जाते."

"गेलेलं कळतं?"

"मागून कळते. पोट सांगते."

"मग साधना चालू आहे," ते म्हणाले आणि पुढच्या बाईकडं वळले.

येसू नळावर येऊ लागली. माझ्या अंगावरचं लुगडं मात्र सैल होत गेलं. प्रसेनजित म्हणायचा, "माय, तू वाळत चालली." येसू नळावर माझ्याकडं पाहायची आणि हंडा भरायची.

वर्षावास संपत आला होता. मी ओसरीवर तांदूळ निवडत बसले होते. पलीकडं पाटा वाजला. कितीतरी दिवसांनी येसूच्या घरातून धूर निघाला. मग शांत झालं.

आणि माझ्या तोंडात जवसाची चटणी आली. गरम भाकरीसंगं, वरून कच्चं तेल. आमच्या घरात जवस नव्हता. मी सूप खाली ठेवलं. पोट हळूहळू भरत गेलं. मला ढेकर आला.

मी भिंतीकडं तोंड करून म्हटलं, "येसू, लसूण जास्त झाला वं."



"गुमान जेव," ती म्हणाली.