स्टिकरखालची जेली

परदेशी खाऊच्या प्रत्येक पाकिटावर ग्राहकाला समजेल अशा भाषेत माहितीपट्टी असलीच पाहिजे, आणि ती मूळ मजकुरावर अशी बसली पाहिजे की दोन्ही मजकूर एकाच वेळी दिसून ग्राहकाचा गोंधळ होऊ नये, असा नियम आहे. नियम सात, पोटनियम अ. तो आल्यापासून ग्राहकाचा गोंधळ झालेला नाही. त्याला काही कळलेलंही नाही, पण तो पोटनियम ब चा विषय आहे आणि पोटनियम ब अजून यायचा आहे.

दुकानाच्या मागच्या खोलीत, लांब टेबलाशी बसून ही पट्टी लावण्याचं काम अकरा वर्षं एकच माणूस करत होता. त्याला सगळे डिंकराव म्हणत. अकरा वर्षांत एक स्टिकर वाकडा नाही, एक कोपरा उचललेला नाही. शाळा सुरू होताना शेजारीपाजारी नावाच्या चिठ्ठ्या चिकटवून घ्यायला वह्यांचे गठ्ठे घेऊन त्याच्या दारात उभे राहत.

मंगळवारी सकाळी एक म्हाताऱ्या बाई काठी टेकत थेट या खोलीत आल्या. हातात जेलीचं पाकीट, त्यावर हिरवा ससा.

"भाऊ, हे लेबल तुम्ही लावता ना?"

"हो मावशी. वाकडं लागलंय?"

"वाकडं कसलं, आरशासारखं बसलंय. मला एवढंच सांगा, यातलं जिलेटिन कशाचं? नातीचे टॉन्सिल काढलेत. आज दुपारी घरी येतेय. घसा बंद, बोलता येत नाही, तर कागदावर ससा काढून दाखवते. मी म्हटलं, नानी आणेल. शब्द दिलाय हो. पण हलाल नसेल तर पोरीच्या तोंडात कशी घालू?"

डिंकरावाने अकरा वर्षांत पहिल्यांदा स्वतः लावलेला स्टिकर वाचला.

*घटक: साखर. पाणी. फळाचा स्वाद (फळविरहित). रंग (मान्यताप्राप्त). घट्ट करणारा पदार्थ (घट्ट करण्यापुरता).*

"म्हणजे कशाचा?" नानीने विचारलं.

"घट्ट करण्यापुरता."

"अहो, डुकराचा, गाईचा, माशाचा, की झाडपाल्याचा?"

"मावशी, तेवढी जागा नसते स्टिकरवर."

बोलून गेला खरा, पण त्याचं त्यालाच कसंसं झालं. त्याने स्टिकरवरचा मदतक्रमांक फिरवला. झालेलं संभाषण असं:

— प्रश्न आहे की तक्रार?
— प्रश्न.
— प्रश्नांची सोय नाही. तक्रार नोंदवू का?
— कशाची?
— प्रश्नाचं उत्तर मिळत नाही याची.
— बरं, नोंदवा.
— मूळ वेष्टनावरचा कारखाना क्रमांक सांगा.
— तो स्टिकरखाली आहे.
— स्टिकर कुणी लावला?

डिंकरावाने फोन ठेवला.

मग त्याने जे केलं ते या खोलीत पूर्वी घडलं नव्हतं. त्याने नख घालून स्टिकरचा कोपरा उचलला. कोपरा उचलायला सात मिनिटं लागली. माणूस कामात चोख होता. स्टिकर निघाला, पण मूळ छपाई सोबत घेऊन. पाकीट कोरं, आणि अक्षरं स्टिकरच्या पाठीवर उलटी.

"आरसा कुठंय?" नानी म्हणाली.

हात धुण्याच्या बेसिनपाशी आरसा होता. डिंकरावाने स्टिकर धरला, नानीने जावयाने घेऊन दिलेला फोन आरशासमोर धरला. फोनने थोडा विचार केला आणि भाषांतर केलं: *समुद्रातले गवत उकळून घट्ट. येथे प्राणी नाहीत.* शेजारी एक गोल शिक्का, निम्मा खरवडलेला, पण हलालचा.

"शेवाळ!" नानीच्या चेहऱ्यावरच्या सगळ्या सुरकुत्या हसल्या. "चालतं भाऊ, हे चालतं! द्या बांधून."

"थांबा," दारातून आवाज आला. दुकानाचे व्यवस्थापक होते. "हे पाकीट विकता येणार नाही. स्टिकर नसलेला माल कायद्याने माल नसतो. नष्ट करावा लागतो."

"साहेब, पण यात काय आहे ते कळलंय!" डिंकराव म्हणाला.

"कळलं, पण विकायचं कसं? बाईंना दुसरं द्या. तसंच आहे."

"तसंच आहे कशावरून?" नानीने विचारलं.

"त्यावर स्टिकर आहे."

घोडं इथेच पेंड खात होतं. सशाच्या कंपनीचे कारखाने तीन. एक शेवाळाने घट्ट करतो, एक माशाने, तिसऱ्याचं तिसऱ्याला ठाऊक. कुठलं पाकीट कुठल्या कारखान्याचं, हे पाकिटावर स्पष्ट छापलेलं असतं. स्टिकरखाली. म्हणजे विकता येईल ते ओळखता येत नाही आणि ओळखता येईल ते विकता येत नाही.

एवढा पेच दुकानाच्या आवाक्याबाहेरचा असल्याने अन्न तपासनीस बाईंना बोलावण्यात आलं. त्या तत्परतेने आल्या, दुकानाच्या मधोमध खुर्ची टाकून बसल्या आणि लिहू लागल्या. पैसे द्यायला रांगेत उभे असलेले लोक माना उंचावून बघू लागले.

*अहवाल. प्रश्न: जेली हलाल आहे काय? निरीक्षण: माहितीपट्टी निर्दोष आढळली. अडचण ती वाचल्यामुळे उद्भवली आहे. उपाय: आणखी एक पट्टी. तिचा मजकूर: 'ग्राहकाने मूळ वेष्टनावरील मजकूर वाचून स्वतः खात्री करून घ्यावी.'*

"ही कुठे लावू?" डिंकरावाने विचारलं.

"पहिली कुठे लावता?"

"मूळ मजकुरावर."

"मग तिच्यावर. गोंधळ नको."

नानीचा फोन वाजला. पलीकडे मुलगी होती. "अम्मी, आम्ही पोचलो. ही दारातच बसलीये, हात पुढे करून. किती वेळ?"

"निघतेच," नानी म्हणाली आणि फोन बंद करून उगाच काठीकडे बघत राहिली.

डिंकरावाला राहवलं नाही. नष्ट करायच्या डब्यातलं ते कोरं पाकीट त्याने रुमालात गुंडाळलं आणि हळूच तिच्या पिशवीत सरकवलं. "न्या मावशी. कुणी बघत नाही."

नानीने पाकीट काढून त्याच्या हातात परत ठेवलं.

"भाऊ, शेवाळाचं असलं म्हणून काय झालं? चोरून नेलं तर हलाल कसं राहील?"

तिने आइसक्रीमचा डबा उलटून पाहिला, पुडिंगचा कप उलटून पाहिला. सगळीकडे डिंकरावाचं चोख काम. शेवटी चार पिकलेली केळी घेतली. त्यावरही एक गोल चिठ्ठी होती, पण नखाने सहज निघाली.

"केळं कुस्करून ससा करता येतो का हो?" तिने विचारलं.

"कान जमतील," डिंकराव म्हणाला. "कान उभे करा फक्त."

ती पैसे द्यायच्या रांगेच्या टोकाला जाऊन उभी राहिली. डिंकरावाने जेलीच्या पाकिटांवर दुसरी पट्टी लावायला घेतली. एकही वाकडी नाही.

रांगेत पुढे कुजबुज सुरू झाली होती. त्या बाई केवढं तपासून बघत होत्या. सरकारी माणूस येऊन गेलं. आता तर दोन-दोन स्टिकर. म्हणजे माल चांगलाच असणार. जेलीचा कप्पा भरेल तसा रिकामा होऊ लागला. हलाल म्हणजे बिनसाखरेचं असतं का, असं एकाने विचारलं, आणि दुसऱ्याने ठामपणे हो सांगितलं.

शेवटचं पाकीट उरलं तेव्हा एक गिऱ्हाईक डिंकरावाला म्हणालं, "यात असतं काय हो नेमकं?"

"खरं सांगू? मला माहीत नाही."

"जाऊ द्या. दोन स्टिकर आहेत ना!"

ते गिऱ्हाईक तुम्ही होतात. पाकीट तुम्ही दुकानाच्या पायरीवरच फोडलंत, हिरवी जेली तोंडात टाकलीत आणि केळी घेऊन हळूहळू रस्ता ओलांडणाऱ्या म्हातारीकडे बघत शेजाऱ्याला म्हणालात, "साध्या खाण्यापिण्याचा केवढा बाऊ करतात नाही, हे लोक?"